सहावं टायर

१

सकाळी उठायला मला कधी घड्याळ लागलं नाही. साडेपाचला झिपरू आबांचा दांडका वाजला की मी उठायचे.

आमलीत आमची एक खोली होती. ओळीत आठ खोल्या, समोर मोकळं पटांगण, आणि पटांगणात कंपनीची बस. माझा नवरा भिका ती चालवायचा. नवऱ्याचं नाव घेते, हो. साठी जवळ आली माझी, आता कोण काय बोलणार आहे! आमली आणि टोकरखाड्यातून पहिल्या पाळीची माणसं उचलायची आणि सातच्या आत खडोलीच्या कारखान्यात नेऊन सोडायची, हे त्याचं काम. आबा त्याच बसचे क्लीनर. क्लीनर म्हटलं की लोकांना चौदा वर्षांचं पोरगं आठवतं. आबा अठ्ठावन्नचे होते. धुळ्याकडे त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला, भिकाला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. डोळ्यात मोतीबिंदू झाला, लायसन गेलं, आणि ज्याला शिकवलं त्याच्याच गाडीवर क्लीनर म्हणून आले. कमीपणा वगैरे काही नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला भिकाकडे बोट करून सांगायचे, "हा माझा ड्रायव्हर."

डोळे अधू झाले तरी कान एकदम शाबूत. बाभळीचा हातभर दांडका घेऊन ते बसभोवती फिरायचे आणि प्रत्येक टायरवर एकच ठोका मारायचे. हवा पुरेशी असली की टायर टण्ण वाजतं. कमी असली की नुसतं भद्द. ठोका मारायचा, मान तिरपी करून कान द्यायचा आणि म्हणायचं, "बोलतंय." पुढचं उजवं, मग मागची उजवीकडची दोन, डावीकडची दोन, आणि सगळ्यात शेवटी पुढचं डावं, ते आमच्या दारासमोरच यायचं. सहा ठोके, सहा वेळा "बोलतंय". मग टायरच्या चपला फटक फटक वाजवत दारात यायचे.

"काय माय, झाला का चहा?"

"टायरांची खुशाली विचारून झाली, आता माझी आठवण आली होय?" मी म्हणायचे. असं आमचं रोजचं होतं. मला सासरा नव्हता, आणि आबांना जवळचं कोणी नव्हतं.

२

एक्याण्णवच्या दिवाळीनंतरची गोष्ट. खडोलीच्या अलीकडे उतारावर पुढचं डावं टायर फुटलं. बसमधली माणसं सांगत होती, बॉम्ब पडल्यासारखा आवाज झाला आणि बस डावीकडे खेचली गेली.

भिकाने ब्रेकला पाय लावला नाही. आबांनी त्याला पहिल्यापासून हेच शिकवलं होतं. टायर फुटलं की ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सोडायचं नाही, अॅक्सिलेटरवरचा पाय उचलायचा आणि गाडीला तिची ती दमू द्यायची. ब्रेक मारला की गाडी उलटलीच समज. याने दात खाऊन स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. बस नाल्याच्या कडेला येऊन उभी राहिली. त्रेचाळीस माणसं होती, एकाला खरचटलं नाही.

आबा नेहमीसारखे पुढच्या दाराच्या पायरीवर उभे होते. पहिल्याच हिसक्याला ते खाली गेले.

भिकावर केस झाली, निष्काळजीपणाने माणूस मारल्याची. लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं, बस ठाण्याच्या आवारात नेऊन लावली. कंपनीने भिकाला गोडाऊनमध्ये माल उचलायला घातलं. वकील म्हणाले, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

ते टायर रिसोल केलेलं होतं. जुन्या टायरवर नवीन रबर चढवतात, ते. असलं टायर पुढे लावत नाहीत, हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. भिकाने गाड्यांचं बघणाऱ्या पराग साहेबांना दोनदा सांगितलं होतं. साहेब पुण्याचे, बोलायला गोड. "स्टोअरमध्ये आलं की बदलू," म्हणाले. ते तोंडी बोलणं. कागदावर काहीच नाही.

गाडी तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने कोर्टात सांगितलं, हवा कमी असेल तर टायर तापून फुटतं, आणि रिसोलच्या आत जुनं टायर कुजलेलं असेल तरी फुटतं. या टायरच्या चिंध्या झाल्या आहेत, दोन्हीपैकी काय झालं ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

ते "कोणालाच" माझ्या डोक्यात बसलं.

३

त्र्याण्णवच्या जानेवारीत वकिलांनी आम्हा दोघांना बोलावलं. बचावाला साक्षीदार हवा होता.

"बाई, त्या दिवशी सकाळी तुम्ही दारात होता?"

"होते."

"क्लीनरने टायर तपासले?"

"पाच तपासली. सहावं राहिलं."

वकील खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे हवा बघायचं काम क्लीनरचं, आणि त्याने ते केलं नाही. हेच सांगायचं. का राहिलं?"

मी भिकाकडे पाहिलं नाही. म्हटलं, "म्हातारं माणूस. विसरले असतील."

"बास. एवढंच बोला, जास्त काही नाही."

आबा काही विसरले नव्हते. आता सांगते. त्या दिवशी गारठा होता, मी चहात आलं घातलं होतं, आणि मी खुशीत होते, कारण काही नाही, उगीच. पाचवा ठोका झाला आणि मी दारातून ओरडले, "आबा, चहा निवतोय! टायर कुठं पळून जात नाही!" ते हसले. दांडका काखेत मारला आणि सहावं टायर तसंच ठेवून आत आले. दोन कप प्यायले. तेवढ्यात भिकाने हॉर्न दिला आणि ते पळाले.

भिका तेव्हा मागच्या नळावर आंघोळीला होता. माझी हाक कोणी ऐकली नव्हती. चौदा महिने मी ती पोटात ठेवली होती. आबांचं नाव खराब झालं तर झालं, मेलेल्या माणसाला कोण तुरुंगात घालणार आहे? माझा नवरा घरी राहिला पाहिजे. असा माझा हिशेब. वाईट होता, पण होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी दांडक्याच्या आवाजाने उठले.

४

टण्ण. थोडी चाल. टण्ण. टण्ण. पुन्हा चाल, बसच्या मागून फिरून यायला लागते तेवढी. टण्ण. टण्ण.

मग काही नाही.

मी पडल्या पडल्या म्हटलं, सवय आहे ही कानांची. दुसऱ्या दिवशीही पाच. तिसऱ्या दिवशीही पाच. मी काही भित्री बाई नाही. चौथ्या दिवशी सरळ शेजारच्या सरुबाईला विचारलं, "पहाटे कपडे धोपटता का हो?"

"एवढ्या थंडीत? माझे हात काय फुकट आलेत?" ती म्हणाली.

मग मी नळाचा पाइप बघून आले. पत्र्यावर काही आदळतं का ते पाहिलं. गॅरेजवाला लवकर उघडतो का, विचारलं. तो आठच्या आधी येतच नाही. पटांगण तर रिकामंच, बस उभी राहायची तिथे आता गवत उगवलं होतं. मी त्या गवतात उभी राहून पायाने जमीन आपटून पाहिली. भुसभुशीत माती, तिच्यातून टण्ण कुठून येणार? लोकांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, रोहिणीला लागलं वेड.

भिकाला विचारायचं धाडस होईना. तो त्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

हळूहळू मला कळलं की पाचव्या ठोक्यानंतर थोडा वेळ जातो, आणि मग चपला वाजतात. फटक, फटक. पटांगणातून आमच्या दाराकडे. दारापाशी थांबतात. दार कोणी वाजवत नाही. मी आत गोधडी दातात धरून पडलेली, आणि खरं सांगते, भीती वाटायची तेवढंच रडूही यायचं. कारण ते रोजच्यासारखेच यायचे, रागाने नाही. मला रागावून आले असते तर बरं झालं असतं.

आणि रोज मी सहाव्या ठोक्याची वाट बघायचे. इन्स्पेक्टर म्हणाला होता, कोणालाच सांगता येणार नाही. पण तो एक ठोका पडला असता तर मला कळलं असतं. टण्ण वाजलं असतं, तर टायर आतूनच कुजलेलं होतं आणि माझ्या हाकेने काही बिघडलं नव्हतं. भद्द वाजलं असतं, तर आबांना मी मारलं. चहासाठी मारलं. एवढंच मला हवं होतं, आणि त्याचीच भीती वाटायची.

५

साक्षीच्या दोन दिवस आधी भिका जेवता जेवता म्हणाला, "पहाटे कुणाला हाक मारतेस ग?"

घास माझ्या हातातच राहिला. "मी?"

"हं. रोज."

म्हणजे माझ्याही नकळत मीच ओरडते! मीच पाचव्या ठोक्यानंतर हाक मारते, आणि म्हणून ते सहावं टायर सोडून येतात. चौदा महिने झाले तरी मेल्या माणसाला मी काम पुरं करू देत नाही. मला माझाच असा राग आला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी मी पाचलाच जागी होऊन बसले. पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि वरून दोन्ही हात दाबून धरले. आता बोलून दाखव म्हटलं, भवाने.

टण्ण. टण्ण, टण्ण. टण्ण. टण्ण.

मी श्वास धरला. बाहेर सहाव्या टायरकडे पावलं वळल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

आणि माझ्या पाठीमागून, स्टोव्हकडून, माझा आवाज आला. "आबा, चहा निवतोय! टायर कुठं पळून जात नाही!"

माझं तोंड बंद होतं. पदर ओला झाला होता, दातात होता. तरी तो माझाच आवाज होता, पण किती हलका! हसता हसता मारलेली हाक. गेल्या चौदा महिन्यांत मी तसं बोललेच नव्हते. मान वळवून बघायला मला बराच वेळ लागला. स्टोव्ह थंड होता, भांडी पालथी होती. खोलीत आल्याचा वास येत होता.

बाहेर चपला दाराकडे वळल्या.

६

कोर्टात आधी भिकाला विचारलं, तुला काही सांगायचंय का. वकिलांनी पढवलेलं होतं सगळं. हा उभा राहिला, टोपी हातात चुरगळत म्हणाला, "साहेब, गाडी माझी होती. टायर बघणं माझंच काम. आबांचा काही दोष नाही."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मग माझं नाव पुकारलं.

काय बोलायचं ते मला पाठ होतं. पण समोर हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून उभा, आणि मी म्हणू आबा विसरले? मी म्हटलं, "आबा विसरले नाहीत. मी त्यांना चहाला बोलावलं. पाच टायर झाली होती. मी हाक मारली नसती तर त्यांनी सहावंही बघितलं असतं."

जज्ज साहेबांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "हे आधी का सांगितलं नाही?"

"भीती वाटली, साहेब."

सरकारी वकिलांनी विचारलं, "ड्रायव्हर तेव्हा कुठे होता?"

"आंघोळीला होते."

निकाल दोन महिन्यांनी लागला, भिका सुटला. आत्ताच सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको. टायर कशाने फुटलं ते सिद्ध होत नाही, आणि फुटल्यावर गाडी नीट सांभाळली, असं जज्ज साहेबांनी लिहिलं. पण त्या दिवशी आम्हाला काय माहीत? दोघंही कोर्टातून पायी घरी निघालो. अर्ध्या वाटेत भिका थांबला.

"मी आंघोळीला नव्हतो," तो म्हणाला. "आंघोळ करून दोरीवरचा टॉवेल घेत होतो. हाक ऐकली मी तुझी."

"ऐकली? मग चौदा महिने बोलला का नाहीत?"

"तुझं नाव कशाला आणायचं मधे?" तो रस्त्याकडे बघत राहिला. "आणि मी म्हणू शकत होतो ना, आबा, आधी तेवढं एक बघा. नाही म्हटलं. मलाही चहा हवा होता."

माझ्या डोळ्यांना धारच लागली, भर रस्त्यात. मी विचारलं, "सकाळचं ते... तुम्हालाही ऐकू येतं?"

"येतं की. तू जागी असतेस तेही कळतं." मग म्हणाला, "मला वाटायचं, तू घाबरशील. म्हणून झोपेचं सोंग घ्यायचो."

दोन माणसं एका गोधडीत, दोघंही जागी, आणि दोघंही झोपल्याचं दाखवतात! काय म्हणावं आम्हाला.

७

दुसऱ्या दिवशी पाचव्या ठोक्याला मी दाराची कडी काढली.

बाहेर धुकं होतं. पटांगण दिसत नव्हतं. पण बस उभी राहायची तेवढ्या जागेत धुकं नव्हतं, तेवढा लांबट तुकडा काळा मोकळा होता. त्याच्या कडेला पाठमोरा एक माणूस. वाकलेला, अंगात तपकिरी स्वेटर. तो स्वेटर मी विणला होता, डावी बाही थोडी लांब झाली होती, ती त्याने नेहमीसारखी दुमडली होती. तोंड मला दिसलं नाही. मी पाहायचा प्रयत्नही केला नाही.

माझ्या मागे, खोलीत, हाक झाली. "आबा, चहा निवतोय!" हसरी, लाडिक. त्याने दांडका काखेत मारला आणि दाराकडे वळायला लागला.

"आबा!" मी त्या हाकेच्या वर ओरडले, घसा फाटेस्तोवर. "आबा, राहू द्या चहा! आधी टायर बघा! सहावं राहिलंय, आबा!"

तो थांबला. मान तिरपी करून त्याने ऐकलं. आबा ऐकायचे तसंच. मग परत फिरला. काखेतला दांडका हातात आला. माझ्यापासून दहा पावलांवर, जिथे पुढचं डावं टायर असायचं तिथे, हात वर गेला.

नको, असं मला वाटलं, आणि हवं असंही वाटलं.

मागून दोन हात आले आणि माझ्या कानांवर घट्ट बसले. माल उचलून घट्टे पडलेले भिकाचे हात. मला माझ्याच रक्ताची घरघर ऐकू येत होती, बाकी काही नाही. मी सुटायची धडपड केली, त्याच्या मनगटाला नखं लावली, त्याने सोडलं नाही. मला छातीशी आवळून धरलं. दांडका खाली आलेला मी पाहिला. त्या क्षणी भिकाच्या अंगातून एक झटका गेला, तो माझ्या पाठीला कळला.

त्याने हात काढले तेव्हा पटांगणभर सारखंच धुकं होतं. चपलांचा आवाज नव्हता. कोणी दाराकडे आलं नाही, ना त्या दिवशी, ना पुढे कधी.

मी वळले. भिकाचे डोळे डबडबलेले होते, पण ते काहीही ऐकलं असतं तरी भरले असते.

"काय वाजलं?" मी विचारलं. "अहो, सांगा ना. बोललं का?"

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "माझे दोन्ही हात तुझ्या कानांवर होते. मला कसं ऐकू येणार?"

"माझ्या कानांवर होते! तुमचे कान उघडेच होते की!"

"हो का?" म्हणाला, आणि आत जाऊन स्टोव्हला पंप मारायला लागला. जन्मात कधी स्टोव्ह पेटवला नव्हता त्याने.

तीस वर्षं होत आली. भांडून विचारलं, लाडात विचारलं, तो तापाने फणफणलेला असताना विचारलं. दर वेळी तेच: हात तुझ्या कानांवर होते, मला कसं ऐकू येणार. जज्जासमोर एक शब्द खोटा न बोललेला माणूस. अजूनही मी अधूनमधून विचारते, आणि आता फक्त एवढ्यासाठी विचारते की त्याने पुन्हा तेच खोटं बोलावं.